गिअरबॉक्सचं ऑइल तपासताना या चुका टाळा

इंजिन ऑइल थोडंफार जळतं, म्हणून ते मधेमधे भरावं लागतं. गिअरबॉक्सचं ऑइल जळत नाही. लेव्हल खाली दिसली तर दोनच शक्यता असतात: कुठूनतरी गळतंय, नाहीतर मोजणी चुकली आहे. चुकलेल्या मोजणीवर भरवसा ठेवून अर्धा लिटर ऑइल ओतलं, तर धडधाकट गिअरबॉक्सही बिघडू शकतो.

गिअरबॉक्स कोणता, हेच माहीत नसणं

क्लच पेडल नाही म्हणजे सगळ्या गाड्या सारख्याच, हा पहिला गैरसमज. मारुतीची एजीएस किंवा टाटा-ह्युंदाईच्या एएमटी गाड्यांत आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम यंत्रणा करते. त्यात गिअर ऑइल जातं. टॉर्क कन्व्हर्टरला (ऑइलच्या जोरावर इंजिनची ताकद पुढे देणारा ऑटोमॅटिक) एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड लागतं आणि सीव्हीटीला (गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक) तिचं वेगळं फ्लुइड. सीव्हीटीत साधं एटीएफ पडलं तर पट्टा आणि पुलीमधली पकड कमी होते, पुलीवर ओरखडे येतात आणि मग खर्च थेट गिअरबॉक्स उतरवण्यापर्यंत जातो. गाडीच्या माहितीपुस्तिकेत छापलेला ऑइलचा ग्रेड बाटलीवर दिसला पाहिजे. ‘सगळ्याला चालतं’ हे उत्तर दुकानात मिळालं तर बाटली परत ठेवा.

जाममधून आल्याआल्या पट्टी काढणं

डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) असलेल्या टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांत सर्वाधिक घोळ इथे होतो. ऑइल गरम झालं की फुगतं, त्यामुळे थंड गाडीत लेव्हल कमी दिसते. पण ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या जाममध्ये तासभर रखडून किंवा मुंब्रा बायपास चढून आल्यावर ती प्रमाणाबाहेर वर दिसते. अशा वेळी अर्धा तास थांबा. एरवी 15-20 किलोमीटर साधी चालवलेली गाडी तपासायला बरोबर.

जागाही सपाट हवी. बेसमेंटचा रॅम्प चालणारच नाही, आणि पोडियम पार्किंगलाही पाणी जाण्यासाठी उतार दिलेला असतो, तो नजरेला जाणवत नाही. हँडब्रेक ओढा, इंजिन आयडलवर ठेवा, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरमध्ये दोन-तीन सेकंद फिरवून परत ‘पी’वर आणा. पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि गरम ऑइलच्या खुणेवर वाचा. पुसायला कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे आत जाऊन व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइलचा दाब वाटून देणाऱ्या भागात) अडकतात. इंजिन चालू की बंद, हे मात्र गाडीची माहितीपुस्तिका बघूनच ठरवा: होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद करून 60 ते 90 सेकंदांत मोजायचं असतं.

भरायची वेळ आलीच तर एका वेळी पाव लिटर, आणि पुन्हा मोजायचं. लेव्हल वर गेली तर फिरणारे भाग ऑइल घुसळतात, फेस होतो, फेसामुळे ऑइलचा दाब पडतो आणि गिअरबॉक्सच्या आतले क्लच घसरू लागतात. कमी ऑइलची लक्षणंही अशीच असतात, म्हणून लोक आणखी ओततात.

सीलबंद गिअरबॉक्स घरी उघडणं

नव्या अनेक गाड्यांत पट्टीच नसते. गाडी लिफ्टवर सपाट धरून, इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघत (बऱ्याच मॉडेलना साधारण 35 ते 45 अंश) लेव्हल प्लग उघडायचा असतो आणि बारीक धार थेंबांवर आली की बंद करायचा. इंजिन बंद असताना उघडला तर टॉर्क कन्व्हर्टरमधून परत आलेलं ऑइलही बाहेर वाहून जातं. हे काम गॅरेजवर सोडलेलं बरं.

मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल बदलताना आधी फिलर (ऑइल भरायचा) बोल्ट सैल होतोय का ते बघा, मगच ड्रेन (ऑइल काढायच्या) बोल्टला हात लावा. फिलर जाम निघाला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागेल. जीएल-4 ग्रेडचं गिअर ऑइल सांगितलं असेल तर जीएल-5 भरू नका, त्यातले काही घटक पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या कड्यांना) खाऊ शकतात.

रंग आणि वास न बघणं

लाल एटीएफ तपकिरी झालं तर जुनं झालंय. काळं आणि जळका वास असेल तर क्लच प्लेट झिजताहेत, नुसतं ऑइल बदलून ते थांबणार नाही. गुलाबी, दुधाळ दिसलं तर आत पाणी किंवा कूलंट गेलंय. पावसाळ्यात वंदना डेपोसमोरच्या किंवा एखाद्या सबवेतल्या साचलेल्या पाण्यातून गाडी नेली की तापलेला गिअरबॉक्स झटक्यात थंड होतो आणि ब्रीदरमधून (हवा जाण्यायेण्याच्या छिद्रातून) पाणी आत ओढू शकतो. पाण्याने क्लच प्लेटवरचं अस्तर सुटतं. अशी गाडी चालवून बघू नका, टो करून न्या.

लेव्हल खरोखरच कमी असेल तर रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. लालसर, तेलकट डाग गिअरबॉक्सच्या बाजूला असेल तर चेंबरचं (खालच्या ऑइलच्या तबकाचं) गॅस्केट, एक्सलचं ऑइल सील आणि कूलरच्या पाइपची जोडणी बघा. स्वच्छ पाण्याचा डाग एसीचा असतो, त्याची काळजी नको.