नरिमन पॉइंटला पहिल्यांदा कामाला येताय?

माझी आर्टिकलशिपची, म्हणजे सीए होण्याआधीच्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाची, तीन वर्षं नरिमन पॉइंटला गेली. (२०२३ पासून ती दोनच वर्षांची झाली, नशीबवान आहात.) सीएचा अभ्यास कसा करायचा हे सांगणारे ढीगभर भेटतील. या इमारतींत वावरायचं कसं, ते कुणी सांगत नाही.

पहिल्याच आठवड्यात सिनियरने बॅलन्स कन्फर्मेशनची (येणं-देणं बरोबर आहे ना, हे समोरच्या कंपनीला विचारणारी) पत्रं घेऊन मला मेकर चेंबर्सला पिटाळलं. समोर दिसली त्या इमारतीत शिरले. रजिस्टरात नाव, पास, लिफ्टची रांग, सगळं करून वर पोचले तर भलतीच कंपनी! मेकर चेंबर्स तीन, चार, पाच, सहा अशा वेगवेगळ्या इमारती आहेत, हे तेव्हा कळलं. मित्तल टॉवरलाही ए, बी, सी अशा विंग आहेत. नंबर आणि विंग विचारल्याशिवाय फोन ठेवू नका.

चर्चगेटहून चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात, ती सगळेच धरतात. गेटपासून खुर्चीपर्यंतची कुणी धरत नाही. अकराला क्लायंटकडे पोचायचं तर पावणेअकराच्या आधी लॉबीत हवं. ओळखपत्र हाताशी ठेवा, आणि वरून होकार आल्याशिवाय सिक्युरिटीवाले सोडत नाहीत, म्हणून तिथल्या माणसाला आधीच फोन करून ठेवा. लॅपटॉपची नोंद आत जातानाच करून घ्या. मी विसरले होते. संध्याकाळी गेटवर अर्धा तास माझाच लॅपटॉप माझा आहे हे पटवत बसले.

काही नव्या लिफ्टमध्ये आत बटणंच नसतात. मजला बाहेरच्या कीपॅडवर दाबायचा, मग कोणती लिफ्ट ते अक्षर दिसतं. मी दार उघडं दिसलं म्हणून घुसले आणि मुकाट्याने भलत्याच मजल्याचं दर्शन घेऊन आले.

ही सगळी भरावाची जमीन, समुद्राला खेटून. पावसाळ्यात छत्री उलटतेच. रेनकोट घ्या, वर्किंग पेपर्स (ऑडिटची कागदपत्रं) प्लास्टिकच्या पिशवीत घाला, एक जोडी चपला ऑफिसात ठेवा. ज्यांच्या नावाने हा भाग ओळखला जातो त्या खुर्शीद फ्रामजी नरिमन यांनी १९२० च्या दशकात बॅकबेच्या भरावातलाच गैरव्यवहार उघड केला होता. ऑडिट शिकायला येणाऱ्याला याहून चांगला पत्ता कुठला!

संध्याकाळी शेअर टॅक्सीच्या लांबलचक रांगेत उभं राहू नका. सरळ चालत सुटा. आता विधान भवनापाशी भुयारी मेट्रोचं स्टेशन झालंय, पण आम्हा विरारवाल्यांना चर्चगेटच बरं. गाडी तिथूनच सुटते, चपळ असाल तर खिडकीही मिळते.