रेझिनचे पार्ट्स लावताय? मग या चुका टाळा

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ ने हवाई दलाचा निरोप घेतला आणि त्या आठवड्यापासून मला ओळखीतल्या पोरांचे फोन सुरू झाले. "काका, मिगचं किट घेतलंय, सोबत रेझिनचं कॉकपिट पण मागवलंय. बसत नाहीये." रत्नागिरीत बसून मी बरीच वर्षं प्लॅस्टिकच्या किटमधून ही मॉडेल विमानं करतोय. असा फोन आला की मी पहिलं एकच विचारतो, "चिकटवलंस का?" उत्तर बहुतेक वेळा "हो" असतं.

रेझिनचे पार्ट्स, म्हणजे किटमधल्या पार्टऐवजी लावायचे वेगळे विकत मिळणारे सुटे भाग, घ्यायलाच हवेत असं नाही, पण घेतले तर त्यांचं सोनं होतं. किटचे पार्ट्स पोलादी साच्यात बनतात. साचा उघडताना पार्ट अडकू नये म्हणून कंगोरे बोथट ठेवावे लागतात. रेझिन मात्र रबरी साच्यात ओततात. रबर वाकतं, त्यामुळे सीटच्या पट्ट्यांची घडी, बकलं, आतल्या बाजूला वळलेली कड, सगळं जसंच्या तसं निघतं. त्या नजाकतीसाठी आपण किटच्या किमतीइतके पैसे मोजतो आणि मग दहा मिनिटांच्या घाईपायी ते घालवतो. मला राग येतो तो याच गोष्टीचा.

चिकटवून मग बसवून बघणं

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं, म्हणून यावर जरा सविस्तर.

खऱ्या विमानाचा पत्रा दीड मिलिमीटरच्या आसपास असतो. १/४८ प्रमाणात तो ०.०३ मिलिमीटर व्हायला हवा, म्हणजे कागदाहूनही पातळ. किटच्या धडाची भिंत मात्र सव्वा मिलिमीटर तरी असतेच. खऱ्या विमानाच्या हिशेबात ही सहा सेंटिमीटर जाडीची भिंत झाली! रेझिनचं कॉकपिट बनवणारा टबची, म्हणजे कॉकपिटच्या आतल्या खोक्याची, रुंदी खऱ्या मापाने घेतो, मग तो टब त्या जाड भिंतींच्या मध्ये मावणार कसा? म्हणजे पार्ट चुकीचा नसतो, किटवाल्याचीही चूक नसते. भिंती आतून तासून टबला जागा करून देणं हे आपलंच काम आहे आणि ते काम त्या डब्याच्या किमतीत धरलेलं नसतं.

माझा भाचा चिपळूणहून मे महिन्यात सुट्टीला आला होता. वर्षभर पैसे साठवून त्याने मिग-२१च्या बिस या प्रकाराचं किट आणि रेझिनचं कॉकपिट घेतलं होतं. मी दोन दिवस कामासाठी कोल्हापूरला गेलो. परत आलो तर साहेबांनी टब रंगवून, डाव्या अर्ध्या धडात इन्स्टंट ग्लूने पक्का चिकटवून ठेवलेला. उजवं अर्धं लावलं तर पाठीवर तीन मिलिमीटरची फट. मी म्हटलं, "थांब, आधी हा टब सोडवू." तो म्हणाला, "मामा, क्लॅम्प लावले की बसेल." मी दुसऱ्या कामात होतो, त्याने क्लॅम्प लावले, रबरबँड गुंडाळले, ग्लू सोडला. फट मिटली. संध्याकाळी सगळ्यांना दाखवून झालं.

मृग लागला, पाऊस सुरू झाला. जूनच्या शेवटी एका रात्री जेवताना वरच्या खोलीतून सुपारी फोडल्यासारखा आवाज आला. जाऊन बघतो तर धड पाठीवर कॉकपिटपासून शेपटीपर्यंत उघडलं होतं आणि काचेच्या चौकटीखाली प्लॅस्टिकला चीर गेली होती. ताणात बसवलेला पार्ट महिनाभर तसाच ढकलत राहिला होता. भाच्याला फोन केला तेव्हा पोरगं काही बोललंच नाही.

ते विमान आम्ही गणपतीत वाचवलं. इन्स्टंट ग्लू गारठला की ठिसूळ होतो, म्हणून धड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दोन तास फ्रीझरमध्ये ठेवलं. ताईने मोदकांचं सारण ठेवायला फ्रीझर उघडला आणि आत विमान बघून दोघांनाही फैलावर घेतलं. बाहेर काढल्यावर पातळ पातं घालून हलकेच पिळलं तसा टब सुटला. मग जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं.

माझी पद्धत अशी. टबच्या कडांना कोरडी पिंजर ब्रशने लावायची, घरात देव्हाऱ्यात असतेच. टब धडात ठेवून दोन्ही अर्धी हलकी दाबायची आणि उघडायची. आतून जिथे लाल डाग उठला तिथेच अडतंय. तेवढंच खरवडायचं, पुन्हा पिंजर, पुन्हा दाबायचं. वीस-पंचवीस वेळा करावं लागतं. भिंत उजेडासमोर धरली की बोटाची सावली आरपार दिसायला लागते, तिथे थांबायचं. बऱ्याचदा अडचण बाजूला नसून खाली असते, कारण टबचा तळ पुढच्या चाकाच्या खळग्याच्या छतावर टेकतो, तिथेही पिंजर लावून बघा. वरून डॅशबोर्डचं झाकण आणि काच बसते का हेही त्याच वेळी. दोन्ही अर्धी नुसत्या मास्किंग टेपने, न दाबता, मिटली पाहिजेत. मिटल्यावर एक रात्र तशीच ठेवा. सकाळी फट नसेल तर साबणाने पिंजर धुऊन मग रंगाला हात लावा.

चिकटवायचं इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून करायच्या गोंदाने. मॉडेलचा नेहमीचा गोंद, ज्याला सिमेंट म्हणतात, तो प्लॅस्टिक विरघळवून जोडतो, रेझिनवर त्याचा काही परिणाम होत नाही, दुसऱ्या दिवशी पार्ट हातात येतो. इन्स्टंट ग्लू चालतो, पण आपल्याकडची हवा लक्षात घ्या. तो ओलाव्यानेच सुकतो, त्यामुळे पावसाळ्यात पार्ट सरळ करायला तीन सेकंदही मिळत नाहीत. पाच मिनिटांची इपॉक्सी तेवढा वेळ देते.

मागवतानाच होणारी चूक

मिग-२१ म्हणजे एकच विमान नाही. आपल्याकडचं एफएल आणि बिस यांत सीटसुद्धा वेगळी आहे. एफएलला जुनी एसके सीट आणि पुढे उघडणारी काच, बिसला केएम-१ सीट आणि उजवीकडे उघडणारी काच. बिसचा पाठीचा कणाही जाड. "मिग-२१ कॉकपिट" एवढंच वाचून ऑर्डर करणारे नंतर मला फोटो पाठवतात. पाकिटावर प्रकार आणि कुठल्या कंपनीच्या किटसाठी ते लिहिलेलं असतं. दोन्ही जुळलं पाहिजे.

सी हॅरियर करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. त्याचे चारही नॉझल, म्हणजे इंजिनाचा झोत सोडणारी तोंडं, जळक्या रंगाचे करू नका. पुढच्या दोनांतून पंख्याची थंड हवा येते, मागच्या दोनांतूनच गरम झोत. गोव्याला जाणं झालं तर बोगमाळ्याच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॅरियर उघड्यावर उभं आहे, जवळ जाऊन बघा. १९८३ ते २०१६ हे विमान आपल्या नौदलात होतं आणि त्याचं घर तिथेच दाबोळीला. कोकणातल्या माणसाने ते फोटोवरून रंगवू नये असं मला मनापासून वाटतं.

न धुता रंगवणं

साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेलकट मेण पार्टवर राहतं. भांड्याचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश. खाली गाळणं धरा, नाहीतर बारीक पार्ट मोरीत जातात. न धुतलेल्यावर रंग बसल्यासारखा दिसतो आणि मास्किंग टेप काढताना सगळा टेपबरोबर येतो.

मास्क न लावणं

रेझिनची धूळ पिठासारखी बारीक असते आणि फुप्फुसात जाऊन बसते. एन-९५ लावा आणि घासायचं ते पाण्यात बुडवून, वॉटर पेपरवर. यावर वाद नको. माझ्या खोलीत मास्कशिवाय कुणी रेझिन घासत नाही, पाहुणा असला तरी.

ओतकामाचा जाड ठोकळा पार्टला खाली चिकटून येतो, तो पक्कडीने तोडू नका, पार्टचा टवका उडतो. मी सोनाराच्या दुकानात चौकशी करून तसली बारीक करवत घेतली, तिची पाती चिवट आणि पातळ असतात. ठोकळ्याच्या बाजूने अर्धा मिलिमीटर सोडून कापायचं आणि उरलेलं ओल्या वॉटर पेपरवर आठच्या आकड्यात फिरवून काढायचं. पार्ट वाकडा आला असेल तर वाफाळत्या पाण्यात अर्धा मिनिट, सरळ करून लगेच गार पाण्यात.

नाकातलं वजन

ही चूक मी स्वतः केली आहे आणि ती कळायला मला दोन पावसाळे लागले.

रेझिनचा एग्झॉस्ट, म्हणजे इंजिनाचा झोत बाहेर पडायचं तोंड, भरीव आणि जड असतो, आणि तो असतो पार शेपटीला. किटच्या पत्रकात नाकात किती वजन घालायचं ते लिहिलेलं असतं, पण तो हिशेब किटच्या पोकळ एग्झॉस्टचा. तेवढंच घातलं की विमान शेपटीवर बसतं. हे ठाऊक होतं म्हणून मी एफएल करताना मिरकरवाड्याहून जाळ्याला लावायचं शिसं आणलं, छोटे तुकडे करून इन्टेकच्या (नाकातलं हवा घ्यायचं तोंड) मधल्या शंकूसारख्या कोनात भरले आणि हलू नयेत म्हणून वरून सुतारकामाचा पांढरा गोंद ओतला. गोंद सुकला, विमान तिन्ही चाकांवर उभं राहिलं, कपाटात गेलं.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या साफसफाईत ते बाहेर काढलं. कोनाचा जोड उघडला होता आणि फटीतून पांढरी भुकटी खाली सांडली होती. आधी वाटलं बुरशी. पात्याने उकरलं तर आत शिशाच्या जागी फुगलेला खडूसारखा गोळा. त्या गोंदातून आंबट वाफ सुटत राहते, ती आणि हवेतला ओलावा मिळून शिशाला खातात, त्याचं पांढरं कार्बोनेट होतं आणि ते मूळ शिशापेक्षा जास्त जागा घेतं. पोलादी साच्यातून निघालेलं प्लॅस्टिक त्यापुढे टिकत नाही. कोरड्या गावात याला बहुधा आणखी वर्षं लागली असती. आपल्या किनाऱ्यावर दोन पावसाळे पुरले. कोन कापून काढावा लागला, रंग गेला, त्यावरचे डिकॅल्स, म्हणजे चिकटवायच्या खुणा-आकडे, परत मिळाले नाहीत. आणि ती भुकटी विषारी असते हेही मला नंतर कळलं, मी ती उघड्या हाताने झाडली होती.

तेव्हापासून नाकातलं वजन फक्त इपॉक्सीत, पूर्ण बुडवून. जागा पुरेशी असेल तर शिसं वापरतच नाही, सायकलवाल्याकडून छर्रे आणतो. पोलाद शिशापेक्षा हलकं, घनता ७.८ च्या आसपास, शिशाची ११.३, म्हणून छर्ऱ्यांना दीडपट जागा लागते. मिगच्या कोनात ती मिळत नाही, तेव्हा शिसं. शिसं कापताना हातमोजे, घासायचं नाही, काम झालं की हात साबणाने.

वजन किती ते पत्रकात बघू नका. सगळं विमान टेपने जोडा, एग्झॉस्टसकट. मागच्या चाकांच्या जागी दोन बोटांवर तोला आणि नाकावर छोटी पिशवी टांगून तिच्यात छर्रे टाकत जा. नाक खाली गेलं की त्यावर आणखी चौथा हिस्सा. रंगाचं, काचेचं, राहिलेल्या पार्ट्सचं वजन त्यात निघतं.

पावसात रंग

कौलांवरून पागोळ्या गळत असताना लॅकर, म्हणजे थिनरमधला झटपट सुकणारा रंग, मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतलं पाणी धरतं आणि रंग दुधाळ होतो. जुलैत मी कापणं, घासणं, बसवणं एवढंच करतो. रंग नवरात्रानंतर. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी खोली तासभर चालवून मग मारावा. दुधाळ झालाच तर घाबरून खरवडू नका. कोरड्या दिवशी वरून पातळ लॅकर थिनरचा हलका हात दिला की बऱ्याचदा तो निवळतो.

इन्स्टंट ग्लूची बाटली सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट डब्यात ठेवा, नाहीतर इथे महिन्यात दगड होते. आणि काचेजवळ तो वापरूच नका. त्याच्या वाफेने काचेवर पांढरी साय धरते, दमट हवेत तर नक्कीच. काचेला पांढरा गोंद चांगला, तिथे शिसं नसतं.

रेझिनची पिटो नळी, म्हणजे नाकावरची वेग मोजायची बारीक नळी, मी कधी लावत नाही. ती पहिल्याच धक्क्याला तुटते. मेडिकलमधून इंजेक्शनच्या दोन जाडीच्या सुया आणा, टोकं कापून एकीत एक सरकवा, बिसच्या नाकावर वर किंचित उजवीकडे भोक पाडून ठेवा. सुई बसवायची ती सगळ्यात शेवटी, ज्या दिवशी विमान कपाटात जाणार त्या दिवशी.