लाँग कोविड झालेल्या तरुण मुलीला घरी सांभाळताना

ताप उतरला, टेस्ट निगेटिव्ह आली, डॉक्टरांनी औषधं थांबवली. तरी तीन महिन्यांनी मुलगी आंघोळ करून आली की तासभर आडवी पडते, दोन पानं वाचली की डोकं जड होतं, उभी राहिली की छाती धडधडते. रक्ताचे रिपोर्ट बहुतेक नॉर्मल. घरातले म्हणतात, 'या वयात कसला थकवा? जरा बाहेर पड, फिरून ये.' नेमका हाच सल्ला तिला आणखी खाली नेतो. (इथे मुलगी म्हटलं आहे, मुलगा असला तरी सगळं तेच लागू.)

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये याची व्याख्या केली. कोविड सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या सुमाराला असलेली, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने उलगडा न होणारी लक्षणं म्हणजे लाँग कोविड. कोविड घरच्या घरी बरा झालेल्या धडधाकट पोरांनाही हे होतं. एका गोळीत बरं करणारं सिद्ध औषध आज नाही. म्हणून घरी काय केलं जातं आणि काय टाळलं जातं यावर बरंच अवलंबून असतं.

आधी ताकदीचा हिशेब

या आजारातली फसवी गोष्ट म्हणजे त्रास उशिरा येतो. जास्त श्रम झाले की त्याच वेळी काही वाटत नाही. १२ ते ७२ तासांनी अंग मोडून येतं, घसा दुखतो, डोकं चालेनासं होतं आणि मग दोन दिवस ते दोन आठवडे अंथरूण. रविवारी बरं वाटलं म्हणून सगळे मिळून मिसळ खायला गेले, तिथून नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या चढून आले. मंगळवारी मुलगी उठत नाही. घरच्यांना वाटतं, हवा बदलली, काहीतरी बाधलं. रविवारचा संबंध कुणी जोडत नाही.

तो जोडायला एक साधी वही घ्या. रोज चार-पाच ओळी पुरतात: सकाळी उठण्याआधीची नाडी, झोप किती तास आणि उठल्यावर ताजं वाटलं का, दिवसभरात काय काय किती मिनिटं केलं, संध्याकाळी थकवा शून्य ते दहापैकी किती. मुलींची पाळीची तारीखही लिहा, कारण त्या दिवसांत अनेकींचा त्रास वाढतो. दोन आठवडे काहीही न बदलता फक्त लिहायचं. मग प्रत्येक वाईट दिवसाच्या आधीचे तीन दिवस पाहायचे. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.

नोंदी करताना दोन चुका हमखास होतात. पहिली, फक्त शारीरिक कामं लिहिली जातात. ऑनलाइन लेक्चर, मोबाइलवर तासभर स्क्रोल, मावशीशी फोनवर झालेला वाद, गोंगाटाचा हॉल यांतही तेवढीच ताकद जाते. दुसरी चूक, वही आईवडील भरतात. वही तिची आहे. लिहायचंही त्राण नसेल तर ती सांगेल आणि तुम्ही लिहाल, पण थकव्याचा आकडा तिचाच असला पाहिजे. 'सात कसा, मघाशी तर हसत होतीस' असं म्हटलं की पुढच्या वेळी ती चार सांगेल आणि वहीचा उपयोग संपेल.

दोन आठवड्यांत अंदाज येतो की ती किती केलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आडवी पडत नाही. समजा सलग वीस मिनिटं बसून वाचणं झेपतं. मग मर्यादा पंधराची ठेवायची, टायमर लावून, आणि टायमर वाजला की थकवा नसला तरी थांबायचं. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून, मोबाइलशिवाय पडून राहायचं. मोबाइल बघत पडणं ही विश्रांती नाही. चांगल्या दिवशीही मर्यादा तीच. हे पाळणं सगळ्यात कठीण, कारण चांगल्या दिवशी मुलीला साचलेली कामं उरकायची असतात आणि आपल्यालाही ती 'पूर्वीसारखी' दिसलेली हवी असते. किमान दोन-तीन आठवडे एकही घसरण झाली नाही, तरच पाच मिनिटं वाढवा. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: चालणं वाढवलं तर वाचन आहे तेवढंच.

दर आठवड्याला ठरल्याप्रमाणे व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत अशा रुग्णांना घातक ठरते. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने याच प्रकारचा थकवा असलेल्या एमई/सीएफएस या आजारासाठी २०२१ मध्ये तो सल्ला काढून टाकला. जिममध्ये नाव घालण्याआधी किंवा पहाटे जॉगिंग ट्रॅकवर न्यायच्या आधी, श्रमानंतर उशिरा येणारी ही घसरण आहे का हे वही बघून ठरवा. नसेल, फक्त दम लागत असेल, तर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू व्यायामाचा फायदा होतो. दोन्ही रुग्ण वरून सारखेच दिसतात आणि सल्ला मात्र उलटा लागतो.

उभं राहिल्यावर धडधड

तरुणांमध्ये, त्यातही मुलींमध्ये, हे फार आढळतं आणि फार वेळा 'टेन्शन घेते' म्हणून सोडून दिलं जातं. उभं राहिल्यावर रक्त पायांत उतरतं, ते वर ढकलण्याचं नसांचं काम नीट होत नाही आणि भरपाई म्हणून हृदय जोरात धावतं. याला पॉट्स म्हणतात. घरी तपासायला बोटाचा ऑक्सिमीटर आणि दंडाला लावायचं बीपीचं मशीन हवं.

सकाळी चहा-कॉफीआधी तिला दहा मिनिटं शांत झोपवा. बोलायचं नाही, मोबाइल नाही. शेवटी नाडी आणि बीपी लिहा. मग उभं करा: खांदे भिंतीला टेकलेले, टाचा भिंतीपासून सहा इंच पुढे. पाय हलवायचे नाहीत, कारण पोटऱ्या हलल्या की रक्त वर जातं आणि आकडा खोटा येतो. दहा मिनिटं दर मिनिटाला नाडी आणि बीपी. नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली (१२ ते १९ वयात ४०) आणि वरचं बीपी २० ने उतरलं नाही, तर तो कागद घेऊन फिजिशियनकडे जा. बीपीच २० ने उतरलं तरी जा, ते वेगळं दुखणं आहे. शेजारी कुणीतरी उभं असलंच पाहिजे. डोळ्यांपुढे अंधारी आली की चाचणी लगेच थांबवून झोपवायचं. ज्या मुलीला उठून बसणंही जड जातं, तिची ही चाचणी घरी करू नका.

पॉट्समध्ये डॉक्टर बहुधा दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी आणि जादा मीठ सुचवतात. मीठ स्वतःहून वाढवू नका. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर ते उलटेल. ओआरएस देताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं, २०.५ ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळा. पेलाभर पाण्यात पूर्ण पाकीट टाकण्याची चूक घरोघरी होते. दुकानातली संत्र्याच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हेत. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी दोन पेले पाणी प्यायला द्या, मग पाच मिनिटं बसून, मगच उभं राहायचं.

न्हाणीघरात प्लास्टिकचं स्टूल ठेवा आणि आंघोळ बसून, कोमट पाण्याने. कढत पाण्याने नसा सैल होतात, रक्त आणखी खाली उतरतं आणि मुली न्हाणीघरातच पडतात. केस धुणं वेगळ्या दिवशी. कडी आतून लावू नये, एवढं तरी ठरवून घ्या. भाजी चिरायची, कणीक मळायची तर टेबलाशी बसून. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर दिवसातून एकदाच उतरायचं, आणि चढताना प्रत्येक वळणावर खुर्ची किंवा स्टूल. जिन्यात स्टूल ठेवायला सोसायटीला विचारायची लाज बाळगू नका.

नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि या मुलींचे सगळ्यात वाईट दिवस तेच असतात. बाहेरची कामं सकाळी नऊच्या आत. गच्चीखालची खोली तिला देऊ नका. ती संध्याकाळी सात वाजतासुद्धा भट्टीसारखी असते.

डॉक्टरांकडे काय न्यायचं

'खूप थकते' असं सांगितलं तर ब जीवनसत्त्वाची गोळी मिळेल. असं सांगा: 'पूर्वी सायकलने कॉलेज रोडवरून सातपूरला जायची, आता आंघोळीनंतर एक तास आडवी होते, आठवड्यातून दोन दिवस जेवण अंथरुणावर.' फाइलमध्ये वर एक पान ठेवा: कोविड कधी झाला, रिपोर्ट, स्टेरॉइड दिलं होतं का, लसी कधी घेतल्या, तीन मुख्य तक्रारी. त्यामागे वहीतली दोन आठवड्यांची पानं.

लाँग कोविड म्हणण्याआधी दुसरं काही नाही ना, हे बघावंच लागतं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी१२, ड जीवनसत्त्व, एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर), यकृत-किडनीच्या चाचण्या, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे हा सर्वसाधारण पहिला टप्पा. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असतं, म्हणून ते वेगळं मागा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं असेल तर थुंकीची तपासणी टाळू नका. टीबीची तपासणी आणि उपचार सरकारी केंद्रात मोफत आहेत. त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, नाशिक रोडचं महापालिकेचं बिटको रुग्णालय किंवा आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय इथून सुरुवात करता येते. ओपीडीच्या रांगेत मात्र तिला उभं करू नका. केसपेपर तुम्ही काढा, ती बाकावर बसेल.

डॉक्टरांसमोर तिच्याऐवजी बोलायचं का, हे घरून निघतानाच तिला विचारा. ती वीस-बावीस वर्षांची आहे. एकटीने आत जायचं म्हणाली तर बाहेर थांबा.

छातीत दुखणं, एका पायाला सूज आणि दुखणं, शुद्ध हरपणं, तोंड वाकडं होणं, बसल्या जागी ऑक्सिजन ९३ किंवा खाली, यातलं काही दिसलं तर वाट न पाहता १०८. ऑक्सिमीटरवर शंका आली तर हात ऊबदार करून, नेलपॉलिश किंवा मेंदी नसलेल्या बोटाला लावून पुन्हा बघा.

काढ्यांबद्दल स्पष्टच लिहायला हवं. गुळवेल नियमित घेतल्याने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. ज्येष्ठमध रोज घेतलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. देत असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. 'इम्युनिटी बूस्टर' सलाइनवर हजारो रुपये घालवण्यापेक्षा ते पैसे चांगलं बीपी मशीन आणि पायाच्या दाब देणाऱ्या मोज्यांसाठी ठेवा.

वास गेला असेल तर गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी वीस सेकंद, त्या वासाची आठवण काढत हुंगायचे. किमान तीन महिने. तोवर गॅसची गळती तिला कळणार नाही. ती एकटी असताना रेग्युलेटर बंद ठेवा आणि उरलेलं अन्न तारीख लिहून फ्रिजमध्ये.

कॉलेज, नोकरी आणि पाहुणे

कॉलेजला हजेरीची अडचण येण्याआधीच प्राचार्यांना अर्ज द्या. वैद्यकीय प्रमाणपत्रात 'अशक्तपणा' एवढंच नको; किती वेळ बसू शकते, किती दिवस विश्रांती हवी हे लिहून घ्या. वर्ष सोडायची वेळ आली तर घाबरू नका. गंगापूर धरणाजवळचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ घरून शिकणाऱ्यांसाठीच आहे. सातपूर-अंबडच्या कंपनीत कामाला असेल आणि पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापलं जात असेल, तर अटी पूर्ण झाल्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, खासगी चिठ्ठी पुरत नाही. राजीनामा देण्याआधी हे तपासा. नंतर हक्क सांगणं अवघड होतं.

पाहुणे येणार असतील तर दाराशीच सांगा: 'डॉक्टरांनी बोलणं कमी ठेवायला सांगितलंय, दहा मिनिटं बसेल.' दहा मिनिटांनी तुम्हीच तिला आत पाठवा. तिला स्वतःहून उठावं लागलं तर ती उद्धट ठरते. तुमच्या-तिच्यात खूण ठरवा: एक बोट म्हणजे ठीक, दोन म्हणजे शांतता हवी, तीन म्हणजे काही विचारू नका, दिवा मालवा.

लग्न, मित्रमैत्रिणी, करिअर सगळं पुढे सरकताना ती खोलीतून पाहत असते. झोप उडाली, खाणं सुटलं, 'माझं ओझं झालंय' असं बोलू लागली, तर ते मनावर घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक तुमच्यासाठीही आहे. रात्रीची जाग दोघांनी वाटून घ्या, आठवड्यातून एक संध्याकाळ घरातल्या दुसऱ्या कुणाकडे सोपवून बाहेर पडा.

पुन्हा कोविड झाला तर मिळवलेलं बरंच हातचं जातं. गर्दीच्या बसमध्ये, दवाखान्यात, आणि कुंभमेळ्याच्या दिवसांत गोदाघाटाच्या बाजूला जाताना तिला आणि तुम्हालाही एन-९५ मास्क लावा. घरात कुणाला सर्दी-ताप आला तर त्याची खोली वेगळी, खिडक्या उघड्या. आणि ती घसरलीच, तर वहीतल्या मागच्या चांगल्या महिन्याची मर्यादा निम्मी करून तिथून पुन्हा मोजायला लागा.