खाऱ्या वाऱ्यातला हीट पंप

गुहागर किंवा वेंगुर्ल्याकडे घर उबदार ठेवण्याची गरज सहसा पडत नाही. त्यामुळे हीट पंप घ्यायचाच असेल, तर तो आंघोळीच्या पाण्यासाठी घ्यावा, असे माझे मत आहे. हे यंत्र उष्णता निर्माण करत नाही, हवेतली उष्णता खेचून पाण्यात सोडते आणि कोकणची हवा बारमाही उबदार असल्याने त्याचे येथे फावते. 200 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला साध्या गीझरला सुमारे 7 युनिट वीज लागते, तर हीट पंपाचे काम दोन-अडीच युनिटांत होते. पाणी तापायला मात्र काही तास लागतात, म्हणून टाकी मोठी घ्यावी.

खरा शत्रू खारा वारा. यंत्रातली तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमच्या पात्या जिथे एकमेकींना चिकटतात, तिथे मिठाचा ओलसर थर बसला की ॲल्युमिनियम झिजू लागते व पांढरी भुकटी दिसते. त्यामुळे कॉइलवर, म्हणजे या नळी-पात्यांवर, गंजरोधक लेप आहे की नाही, हे खरेदीपूर्वीच विचारावे, यंत्र समुद्राच्या बाजूला न बसवता मागील पडवीत, पण हवा खेळती राहील असे बसवावे आणि वीज बंद करून महिन्यातून एकदा पात्यांवरून गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी. पावसाळ्यात यंत्रातून बरेच पाणी ठिबकते. त्याची नळी सरळ माडाच्या आळ्यात सोडता येते.