कॅटलॉगच्या खणात पाककृती

ग्रंथालयांचे कॅटलॉग संगणकावर गेले आणि कार्डांचे लाकडी खण भंगारात निघाले. नागपुरात जुन्या फर्निचरवाल्यांकडे असा सुटा खण कधीमधी सापडतो. पुढे पितळी कडी आणि लेबलाची चौकट. पाककृती ठेवायला यापेक्षा चांगली पेटी नाही, असं मला वाटतं; अर्थात मी निवृत्त ग्रंथपाल, मी दुसरं काय म्हणणार! बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबाही चालतो.

आधी पेटी आतून मोजा, मगच कागद घ्या. कॅटलॉगचं कार्ड १२.५ × ७.५ सेंटीमीटरचं असतं. ए-फोर आकाराच्या एका तावात चार निघतात. डबा वेगळ्या मापाचा असेल तर कार्ड आतल्या उंचीपेक्षा दीडेक सेंटीमीटर बुटकं ठेवा, म्हणजे विभागांच्या कार्डांचे कान वर काढायला जागा उरते. कार्डशीट २५० जीएसएमच्या आसपासची हवी. सीताबर्डीवर स्टेशनरीच्या दुकानात ती मिळते, पण कापून मात्र लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून घ्या. कात्रीने कापलेली कार्डं लहानमोठी होतात आणि बोटाने चाळताना बुटकी नेमकी निसटतात.

लिहायला साधं बॉलपेन. जेल पेनचं अक्षर सुंदर येतं, पण ओला हात लागला की बऱ्याचदा पसरतं. खात्री नसेल तर एका कार्डावर लिहून रात्रभर वाळू द्या आणि सकाळी पाण्याचा थेंब टाकून बघा.

आता खरं काम. आईच्या वहीत सगळीकडे ‘वाटी’ आहे, आणि प्रत्येक घरची वाटी निराळी. म्हणून पहिलं कार्ड वाटीचं. तुमची नेहमीची वाटी वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, पाणी काठोकाठ भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. आमची वाटी १५० भरली. हे कार्ड सगळ्यांच्या पुढे.

मग एकेक पदार्थ. नाव डाव्या कोपऱ्यात वर, उजवीकडे किती माणसांचं ते. जिन्नस ज्या क्रमाने भांड्यात पडतात त्याच क्रमाने लिहा. माझं गोळाभाताचं कार्ड असं आहे: ‘तांदूळ २ वाट्या, जाडसर बेसन १ वाटी, तिखट, हळद, हिंग, मीठ, मोहनाला कडकडीत तेल. गोळे घट्ट वळणे. भात अर्धा शिजला की वर गोळे, झाकण, मंद आच. वरून फोडणीचं तेल. हात आखडू नये.’ शेवटचं वाक्य आईचं, जसंच्या तसं. मिनिटं लिहायची तर लिहा, पण खूण आधी. ‘तेल सुटेस्तोवर’ हे ‘दहा मिनिटं’पेक्षा जास्त उपयोगाचं, प्रत्येकाचा गॅस वेगळा, कढई वेगळी. मागच्या बाजूला कृती कोणाकडून आली ते आणि तारीख.

आईच्या किंवा सासूबाईंच्या हातचा मूळ कागद असेल तर तो लॅमिनेट करू नका. एकदा झालं की प्लास्टिक निघत नाही. सेलोटेपही नको, पिवळी पडून डाग ठेवते. अक्षराची झेरॉक्स कार्डावर काढा आणि मूळ कागद फायलीत जपा.

विभाग मी पदार्थांच्या प्रकारांनी केले नाहीत, घर चालतं तसे केले: रोजचं, पाहुण्यांचं, सणाचं, वाळवणाचं. पोळ्याची पुरणपोळी सणात, पाटोडीरस्सा पाहुण्यांत. होळी झाली की वाळवणाचा गठ्ठा पुढे घ्यायचा, कारण कुरडया-शेवया उन्हासाठी थांबतात, ऊन त्यांच्यासाठी थांबत नाही. शिवाय ‘पाहा’ची कार्डं, म्हणजे एका नावाने शोधणाऱ्याला दुसऱ्या नावाकडे धाडणारी, घालाच. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्याची सून कोथिंबीरवडी शोधते, तर तिथे फक्त एक ओळ: ‘कोथिंबीरवडी: पाहा सांबारवडी’, आणि तसंच पुडाच्या वडीचंही.

पेटी शेगडीपासून लांब ठेवा. चिकटवायला पिठाची खळ वापरू नका, कसर आणि झुरळं तिच्यावरच येतात. पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी टाका. हळदीचा डाग उन्हात फिका होतो म्हणून कार्ड वाळत घालू नका, शाईही उडते.

कार्ड कोणी मागितलं तर फोटो काढू द्या, मूळ कार्ड घराबाहेर जाऊ देऊ नका. ग्रंथालयात असताना थकबाकीदारांना स्मरणपत्र धाडायची सोय होती. जाऊबाईंना कोण धाडणार?