हलक्या डेस्कटॉपसाठी नवी सोय मागताय? या चुका टाळा

रोजच्या वापरातल्या डेस्कटॉपमध्ये एखादी गोष्ट सतत खटकत राहते. शेवटी आपण एक्सएफसीई या लिनक्सवरच्या हलक्या डेस्कटॉपच्या गिटलॅबवर, म्हणजे त्याचे काम जिथे चालते त्या संकेतस्थळावर, खाते उघडतो, मनापासून चार परिच्छेद लिहितो, आणि दुसऱ्याच दिवशी इश्यू (तिथे नोंदवलेली मागणी) बंद झालेला दिसतो. कारण एका ओळीचे असते: हे आमच्याकडे येत नाही. कधी तर उत्तरच येत नाही आणि मागणी वर्षानुवर्षे तशीच पडून राहते. बरेच जण इथेच नाद सोडतात. मला याचे फार वाईट वाटते, कारण यातल्या कितीतरी मागण्या रास्त असतात, फक्त मांडताना चुकलेल्या असतात.

मी एक्सएफसीई वापरतो म्हणून उदाहरणे तिथली आहेत. एलएक्सक्यूटी किंवा माटे हे दुसरे डेस्कटॉप वापरणाऱ्यांनाही यातले बहुतेक लागू पडेल. हे सगळे प्रकल्प मोजक्या लोकांच्या फावल्या वेळावर चालतात. तुमची मागणी वाचणारा माणूस नोकरी करून, रात्री तासभर काढून बसलेला असण्याची शक्यता जास्त. त्याला पहिल्या पाच ओळींत नेमके काय ते कळायला हवे.

मागणी भलत्याच दारात नेणे

सगळ्यात जास्त मागण्या इथे वाया जातात. डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणजे एकच मोठा प्रोग्रॅम अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती अनेक छोट्या प्रोग्रॅमची जुळणी असते. एक्सएफसीईत खिडक्या सांभाळतो एक्सएफडब्ल्यूएम४ हा विंडो मॅनेजर, पट्टी सांभाळते एक्सएफसीई४-पॅनेल, वॉलपेपर आणि त्यावरची चिन्हे एक्सएफडेस्कटॉपकडे, फायली थुनारकडे, लघुचित्रे टंबलरकडे आणि सेटिंग्जचा साठा एक्सएफकॉन्फकडे. यातल्या प्रत्येकाचा इश्यूंचा कप्पा वेगळा आहे. पॅनेलची मागणी थुनारच्या कप्प्यात टाकली तर निदान कोणीतरी ती हलवू शकतो. खरी अडचण होते ती ज्या गोष्टी एक्सएफसीईच्या नाहीतच त्यांची.

सर्वांत बोलके उदाहरण फाइल निवडण्याच्या खिडकीचे. ब्राउझरमधून फोटो अपलोड करताना जी खिडकी उघडते, तिच्यात मोठी लघुचित्रे जाळीसारखी दिसावीत, नुसती नावांची यादी नको, असे कोणालाही वाटेल. ही मागणी एक्सएफसीईकडे नेण्यात अर्थ नाही. ती खिडकी थुनारची नसते, ती जीटीके या लायब्ररीची, म्हणजे खिडक्या-बटणे काढणाऱ्या तयार कोडची असते. जीटीकेकडे ही मागणी २००४ साली नोंदली गेली आणि जाळीचे दृश्य मार्च २०२३ मध्ये आलेल्या जीटीके ४.१० मध्ये मिळाले. जवळजवळ १९ वर्षे! आणि एक्सएफसीई स्वतः जीटीके ३ वर उभे असल्याने ते आपसूक इकडे झिरपतही नाही. थुनारच्या मेंटेनरने (देखभाल करणाऱ्याने) कितीही मनावर घेतले तरी दुसऱ्याच्या लायब्ररीतली खिडकी तो बदलू शकत नाही.

अशी आणखी काही ठिकाणे लक्षात ठेवा. पॅनेलवर दिसणारे वायफायचे चिन्ह बहुधा एनएम-अ‍ॅपलेटचे असते, म्हणजे नेटवर्कमॅनेजरच्या घरातले. ब्लूटूथचे चिन्ह बहुतेक ठिकाणी ब्लूमनचे. लॉगिनचा पडदा अनेक वितरणांत (झुबुंटू, डेबियन अशा लिनक्सच्या तयार संचांत) लाइटडीएमचा. रंगसंगती, चिन्हांचा संच, पॅनेल वर की खाली हे पुष्कळदा वितरणाने ठरवलेले असते. झुबुंटू आणि लिनक्स मिंट सुरुवातीलाच व्हिस्कर मेनू देतात, मूळ एक्सएफसीईत मात्र साधा मेनू येतो. त्यामुळे 'मेनू पहिल्यापासून असा का ठेवला' हा प्रश्न वितरणाला विचारायचा असतो.

मालक ओळखायचा कसा? खिडकी असेल तर मदतीच्या मेनूत 'अबाउट' उघडा, नाव आणि आवृत्ती दोन्ही मिळतात. चिन्ह असेल तर टास्क मॅनेजर उघडून संशयित प्रक्रिया थांबवा आणि कोणते चिन्ह नाहीसे होते ते पाहा. पुन्हा लॉगिन केले की ते परत येते. दोन मिनिटांचे काम आहे.

अडचण न सांगता उपाय मागणे

'विंडोच्या कडा जाड करा. इतकी साधी गोष्ट अजून का होत नाही?' असल्या मागण्या मी कितीदा वाचल्या असतील. लिहिणाऱ्याचा वैताग खरा आहे. अनेक थीममध्ये कड इतकी बारीक असते की खिडकी लहानमोठी करायला कोपरा पकडताना हात आखडतो. पण एक्सएफडब्ल्यूएम४ च्या थीममध्ये कडा म्हणजे छोटी छोटी चित्रे असतात, त्यामुळे कडेची जाडी थीम ठरवते, विंडो मॅनेजर नाही. म्हणून उत्तर येते, 'थीम बदला', आणि इश्यू बंद होतो. मागणाऱ्याला वाटते आपल्याला झिडकारले.

खरे तर त्याला जाड कड नकोच होती. त्याला खिडकीचा आकार सहज बदलायचा होता. त्यासाठी ऑल्ट दाबून खिडकीत कुठेही उजवे बटण धरून ओढले की झाले, कोपरा गाठायची गरजच नाही. कीबोर्डवर ऑल्ट आणि एफ८ दाबूनही ते जमते. बहुतेकांचा प्रश्न इथेच सुटतो.

ज्यांचा सुटत नाही, त्यांची मागणी मात्र भक्कम ठरते. ती अशी लिहिता येईल: 'टचपॅडवर विंडोचा कोपरा पकडायला मला तीन-चार प्रयत्न लागतात. पडद्याचे रेझोल्यूशन १९२० बाय १०८०, थीम वितरणाने दिलेलीच. ऑल्ट धरून ओढण्याची सोय माहीत आहे, पण हाताच्या दुखण्यामुळे एका हाताने कळ आणि दुसऱ्याने टचपॅड असे एकाच वेळी जमत नाही. दिसणारी कड तशीच ठेवून पकडायची जागा वाढवता येईल का?' यात कोणाला, कधी, काय अडते ते आहे. आधी काय करून पाहिले तेही आहे. मेंटेनरला यापेक्षा वेगळा आणि चांगला उपाय सुचला तर त्याला वाट मोकळी आहे. मी तर म्हणेन, उपायाचे वाक्य सगळ्यात शेवटी लिहा आणि ते प्रश्नार्थक ठेवा.

'गनोममध्ये आहे, केडीईमध्ये आहे, मग इथे का नाही?' हा याच चुकीचा दुसरा अवतार. दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये सोय आहे एवढ्यावरून ती इथे कोणाला, कशासाठी लागते ते कळत नाही. तुलना करायची तर त्या सोयीने तुमचे कोणते काम कसे हलके होते ते लिहा.

आहे तेच मागणे

थुनारमध्ये शेजारी शेजारी दोन कप्पे हवेत? डिसेंबर २०२२ च्या एक्सएफसीई ४.१८ पासून आहेत, एफ३ दाबा. केलेली कृती मागे घेणे आणि उपफोल्डरांतही शोधणे याच आवृत्तीत आले. खिडकी पडद्याच्या कोपऱ्यात नेऊन पाव भागात बसवणे २०१५ च्या ४.१२ पासून आहे. ४.१६ मध्ये सेटिंग्जच्या खिडक्यांना जीटीकेचे जाड शीर्षक आले, ते अनेकांना आवडले नाही. ४.१८ मध्ये 'अपिअरन्स'च्या सेटिंग्जमध्ये ते बंद करायचा पर्याय मिळाला.

म्हणून मागणी लिहिण्याआधी तीन ठिकाणे धुंडाळा. पहिले 'विंडो मॅनेजर ट्वीक्स'. दुसरे 'सेटिंग्ज एडिटर', ज्यात एक्सएफकॉन्फमधले, नेहमीच्या खिडक्यांत न दिसणारे पर्यायही सापडतात. तिसरे, बंद झालेल्या इश्यूंची यादी. लोक फक्त उघडे इश्यू शोधतात, आणि उत्तर बंद झालेल्यांत असते.

दोन गोष्टी तर मला प्रत्येकाच्या कानावर घालाव्याशा वाटतात. थुनारमधल्या 'कस्टम अ‍ॅक्शन्स'मध्ये उजव्या क्लिकच्या मेनूत स्वतःची आज्ञा घालता येते. निवडलेले फोटो लहान करा, ही फाइल अमुक प्रोग्रॅमने उघडा, या फोल्डरची झिप बनवा, अशा मागण्यांना कोणाच्या परवानगीची गरज नाही. आणि पॅनेलवर जेनमॉन हे प्लगइन लावले की कोणत्याही स्क्रिप्टचे उत्तर पट्टीवर दिसते. बॅटरीची उरलेली मिनिटे, सर्व्हर जिवंत आहे का, डिस्क किती भरली, काहीही. (स्क्रिप्ट दर सेकंदाला चालवू नका, अर्ध्या मिनिटाचे अंतर पुरते.)

आवृत्तीचा घोळ वेगळाच. डेबियन १२ मध्ये एक्सएफसीई ४.१८ आहे, डेबियन १३ मध्ये ४.२०. स्थिर वितरणावर बसून मागितलेली गोष्ट पुढच्या आवृत्तीत कदाचित तयारही असेल. प्रकाशनाची टिपणे वाचा, आणि मागणीत आपली आवृत्ती लिहा.

हलकेपणाची किंमत विसरणे

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. 'एवढे एक बटण तर घालायचे' असे आपल्याला वाटते. पण फाइलशोध झटपट व्हावा म्हणून अनुक्रमणिका हवी असेल, तर ती तयार करणारी आणि ताजी ठेवणारी एक प्रक्रिया सतत पार्श्वभूमीत चालणार. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ती किती त्रास देते, हे भोगलेले लोकच हलक्या डेस्कटॉपकडे आलेले असतात. एखाद्या सोयीसाठी नवी लायब्ररी लागत असेल तर ती सर्वांच्या माथी येते. नुसता एक चौकोनी टिकमार्कसुद्धा फुकट नसतो. त्याचे भाषांतर करावे लागते, आणि तो चालू असताना व बंद असताना असे दोन्ही मार्ग पुढे कायम तपासावे लागतात.

त्यामुळे मागणीतच सांगा की ही सोय न वापरणाऱ्याला काय किंमत पडेल. प्लगइन म्हणून वेगळी ठेवता येत असेल तर तसे सुचवा. व्हिस्कर मेनू स्वतंत्र प्लगइन म्हणूनच वाढला, आणि ज्यांना नको त्यांना तो बसवावा लागत नाही.

उलट बाजूने, 'मेमरी कमी करा' ही मागणीही आकड्यांशिवाय निरर्थक ठरते. टास्क मॅनेजरमधल्या सगळ्या प्रक्रियांच्या आरएसएसची (प्रत्येकीने व्यापलेल्या मेमरीची) बेरीज करून 'एवढी मेमरी खातो' असे लिहू नका. पॅनेल, थुनार आणि एक्सएफडेस्कटॉप तिघेही जीटीकेची एकच प्रत मेमरीत वाटून घेतात, आणि आरएसएसच्या बेरजेत ती तीनदा मोजली जाते. एसमेमसारखे साधन पीएसएस दाखवते, त्यात वाटून घेतलेला भाग वाटणीनेच धरलेला असतो. 'फ्री' कमांडमध्येही 'अव्हेलेबल' हा रकाना बघा. कॅशेत गेलेली मेमरी गरज पडली की मोकळी होते. मशीन नव्याने सुरू करा, लॉगिननंतर दोन-तीन मिनिटे थांबा, मग मोजा. ब्राउझर उघडा ठेवून डेस्कटॉपचे वजन काढण्यात काही हशील नाही.

बिघाडाला मागणी समजणे

व्हिडिओ पाहताना चित्र आडवे फाटते, म्हणून 'नवा कंपोझिटर द्या' अशी मागणी येते. (कंपोझिटर म्हणजे सगळ्या खिडक्या जुळवून पडद्यावर काढणारा भाग.) आधी सेटिंग्ज एडिटरमध्ये एक्सएफडब्ल्यूएम४ ची व्हीब्लँकची, म्हणजे चित्र पडद्याच्या गतीशी जुळवण्याची, पद्धत बदलून पाहा. ४.१४ पासून तिथे एक्सप्रेझेंट आणि जीएलएक्स असे पर्याय आहेत. लॉगआउट करून पुन्हा आत या. फरक पडला तर तो तुमच्या ग्राफिक्स ड्रायव्हरशी जुळणाऱ्या पद्धतीचा प्रश्न होता.

उच्च घनतेच्या पडद्यावर सगळे बारीक दिसते, तेव्हा दीडपट मोठे करायची मागणी येते. जीटीके ३ पूर्णांकातच मोठे करते, एकपट किंवा दुप्पट. ४.१६ पासून डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये अपूर्णांकी प्रमाण देता येते, पण ते अख्खे चित्र ताणून केलेले असल्याने अक्षरे किंचित मऊ दिसतात. फक्त मजकूरच वाचायला त्रास होत असेल तर फाँटचा डीपीआय (अक्षरे किती मोठी दिसतील ते ठरवणारा आकडा) वाढवणे जास्त सुखाचे.

काहीही विचित्र दिसले की आधी मशीनवर नवा वापरकर्ता तयार करून त्याच्या खात्यात तेच करून पाहा. तिथे सगळे ठीक चालत असेल तर दोष तुमच्या जुन्या सेटिंग्जमध्ये आहे. ती होम फोल्डरातल्या लपलेल्या डॉट-कॉन्फिगमध्ये असतात. फोल्डर पुसू नका, नाव बदलून बाजूला ठेवा.

एका इश्यूत दहा मागण्या

करू नका. एक मागणी, एक इश्यू. दहातली एक पूर्ण झाली तरी इश्यू बंद करता येत नाही आणि त्याला हात लावायला कोणी धजत नाही.

पाठवल्यानंतरची घाई

दर आठवड्याला 'काही प्रगती?' विचारून काही पुढे सरकत नाही. ४.१२ आली फेब्रुवारी २०१५ मध्ये आणि ४.१४ ऑगस्ट २०१९ मध्ये. मधली साडेचार वर्षे जीटीके २ वरून ३ वर जाण्यात गेली. त्यानंतर वेग वाढला, तरी डिसेंबर २०२० ची ४.१६, २०२२ ची ४.१८ आणि २०२४ ची ४.२० पाहिली तर दोन वर्षांचे अंतर दिसते. सध्या बरीच ताकद वेलँडकडे, म्हणजे जुन्या एक्स११ ची जागा घेणाऱ्या, पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या नव्या पद्धतीकडे वळली आहे. ४.२० मध्ये वेलँडचा आधार प्रायोगिक आहे, त्यात एक्सएफडब्ल्यूएम४ चालत नाही आणि खिडक्या सांभाळायला त्याऐवजी लॅबडब्ल्यूसी किंवा वेफायर घ्यावे लागते. त्यामुळे विंडो मॅनेजरची मागणी करताना ती एक्स११ साठी आहे की वेलँडसाठी, हे लिहायलाच हवे.

वेळ साधणेही जमले पाहिजे. मोठ्या प्रकाशनाआधी एक्सएफसीईत तीन टप्पे असतात. पहिल्या पूर्वप्रकाशनापासून नव्या सोयी घेणे थांबते, दुसऱ्यापासून भाषांतर करावी लागतील अशी नवी वाक्ये थांबतात, तिसऱ्यानंतर कोडच गोठतो. या काळात टाकलेली मागणी कोणी वाचली तरी बाजूला ठेवणार. त्याऐवजी तेव्हा पूर्वप्रकाशन एखाद्या व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवा आणि तुम्ही किंवा दुसऱ्या कोणी मागितलेली सोय त्यात आली असेल तर ती नीट चालते का, तुमच्या पडद्यावर, तुमच्या टचपॅडवर, ते तपासून त्याच इश्यूखाली लिहा. ज्याने ती रात्री जागून लिहिली, त्याच्याकडे तुमचे मशीन नसते.