फुलफॉर्म सांगणाऱ्याला आधी साल विचारा

'न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ.' 'चेस म्हणजे चॅरिअट, हॉर्स, एलिफंट, सोल्जर्स.' 'भगवान म्हणजे भूमी, गगन, वायू, अग्नी, नीर.' सुप्रभातच्या फुलांबरोबर असे संदेश येतात आणि खाली पुस्ती असते, 'हे फार थोड्यांना ठाऊक आहे.' थोड्यांना ठाऊक असण्याचे कारण साधे आहे. ते खरे नाही.

पण नुसते 'खोटे आहे' म्हटल्याने कोणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये. पारखून सांगायला हवे. त्यासाठी भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. हातात मोबाइल असावा आणि चार प्रश्न विचारायची सवय असावी.

पायरी १ : शब्द किती जुना आहे?

बहुतेक फुलफॉर्म या एकाच प्रश्नावर आडवे होतात. आद्याक्षरे जोडायची आणि जे तयार होईल ते शब्दासारखे उच्चारायचे, ही हौस मुख्यतः विसाव्या शतकातली. सैन्ये, सरकारी खाती आणि कंपन्या यांनी ती वाढवली. रडार १९४० च्या सुमाराचा, लेझर त्याच्या नंतरचा. आपल्याकडचे सिडको, म्हाडा, मसाप, अंनिस हे याच जातीचे. मुंबईची 'बेस्ट'ही तशीच. तिच्या नावातल्या 'टी'चे ट्रामवेज होते, त्याचे पुढे ट्रान्सपोर्ट झाले, 'बॉम्बे'चे 'बृहन्मुंबई' झाले, पण चार अक्षरे जागची हलली नाहीत.

आता 'गोल्फ' घ्या. संदेश सांगतो : जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन. प्रत्यक्षात स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ साली या खेळावर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडू टोलवत बसत. म्हणजे आद्याक्षरांची फॅशन येण्याआधी साडेचारशे-पाचशे वर्षे हा शब्द सरकारदरबारी नोंदला गेला होता. 'कॉम्प्युटर'चा तो लांबलचक फुलफॉर्म, तंत्र-शिक्षण-संशोधन वगैरे कोंबलेला, तोही असाच. १६१३ साली इंग्रजीत हा शब्द छापून आला तेव्हा त्याचा अर्थ होता हिशेब करणारा माणूस.

'पेन म्हणजे पोएट्री, एसे, नॉव्हेल' यात मात्र एक गंमत आहे. पेन आला लॅटिन 'पेन्ना'वरून, म्हणजे पीस. पिसाची लेखणी म्हणून. पण १९२१ साली लंडनमध्ये लेखकांची 'पेन' नावाची संघटना निघाली आणि तिने कवी, निबंधकार, कादंबरीकार अशी अक्षरे जुळवून घेतली. १९३३ साली सोफिया वाडिया यांनी तिची भारतीय शाखा मुंबईत सुरू केली. म्हणजे शब्द आधी होता, अक्षरे मागाहून बसवली. अशा उलट्या फुलफॉर्ममध्ये लबाडी नसते, लबाडी तेव्हा होते जेव्हा कोणी तोच उगम म्हणून सांगतो.

साल कसे शोधायचे? इंग्रजी शब्द असेल तर ऑक्सफर्डचा मोठा कोश प्रत्येक अर्थाचा सर्वांत जुना सापडलेला लेखी दाखला तारखेसकट देतो. मराठी-संस्कृतासाठी इतके सोपे नाही, पण अंदाज बांधता येतो. शब्द ज्ञानेश्वरीत असेल तर तो निदान १२९० पासूनचा, गीतेत असेल तर त्याहून कितीतरी जुना.

पायरी २ : शब्दाची भावंडे शोधा

ही माझी सर्वांत आवडती कसोटी, कारण तिला इंटरनेटही लागत नाही. शब्द सहसा एकटा जन्मत नाही. त्याच साच्यातले दुसरे शब्द आठवा आणि फुलफॉर्म त्यांनाही लावून बघा.

भगवान : भूमी, गगन, वायू, अग्नी, नीर. ठीक. मग धनवान, बलवान, गुणवान यांचे काय करायचे? त्यातही वायू, अग्नी आणि नीर आहेत का? स्त्रीलिंगी रूप भगवती. तिथे नीर आटले की काय? आणि भगवद्गीतेतल्या 'भगवद्'मध्ये 'न' कुठे गेला? इथेच घोडे पेंड खाते. खरी फोड सरळ आहे : 'भग' म्हणजे भाग्य, ऐश्वर्य, आणि त्याला 'असलेला' या अर्थाचा प्रत्यय. धन असलेला धनवान, तसा ऐश्वर्य असलेला भगवान.

शिक्षकदिनाला 'शि म्हणजे शिस्त, क्ष म्हणजे क्षमा, क म्हणजे कर्तव्य' येते. शेजारी लेखक, गायक, वाचक, रक्षक उभे करा. सगळ्यांच्या शेवटी तोच 'क' आणि तो सगळीकडे 'करणारा' एवढेच सांगतो. शिकवणारा तो शिक्षक.

'गुरू'चे प्रकरण जास्त रंगतदार आहे, कारण त्याला परंपरेचा आधार आहे. 'गु' म्हणजे अंधार आणि 'रु' म्हणजे तो घालवणारा, असा संस्कृत श्लोक गुरुगीतेत आहे, आणि गुरुपौर्णिमेच्या भाषणात तो हटकून येतो. पण भावंडे पाहा. शाळेत वृत्ते शिकताना लघु-गुरू शिकलो, तिथे गुरू म्हणजे जड, लघू म्हणजे हलका. गुरुत्वाकर्षण म्हणजे वजनाचे आकर्षण. अंधार घालवण्याशी त्याचा काय संबंध लावणार? 'गौरव'ही याच घरातला. थोडक्यात, गुरू म्हणजे वजनदार माणूस, ज्याच्या शब्दाला वजन आहे तो. लॅटिनमधला 'ग्रॅव्हिस' हा याचा दूरचा नातलग आणि इंग्रजी ग्रॅव्हिटी त्याच कुळातली. श्लोक खोटा नाही. त्यात कवीने, भक्ताने शब्दावर केलेले चिंतन आहे. ते उगमाच्या रकान्यात भरू नये, इतकेच.

'आत्मा आणि ईश्वर म्हणजे आई' हेही त्याच पंगतीतले. त्याला कसोट्या लावत बसणाऱ्याला घरात जेवायला मिळणार नाही.

पायरी ३ : शेजारच्या भाषेत डोकवा

शब्द दुसऱ्या भाषेतही असेल तर फुलफॉर्मला किंवा गोष्टीला तिथेही टिकावे लागते. पावाबद्दल दोन कथा चालतात. एक, पीठ पायाने मळतात म्हणून पाव. दुसरी, तो चौथ्या हिश्शाने विकत म्हणून पाव. आता बंगालीत जा, तिथे पाउरुटी आहे. जपानमध्ये जा, तिथे ब्रेडला 'पान' म्हणतात. जपानी माणसाला मराठीतला पायही ठाऊक नाही आणि पावशेरही. दोन्ही ठिकाणी समान पाहुणा एकच, पोर्तुगीज, आणि त्यांच्या भाषेत ब्रेड म्हणजे 'पांव', नाकात उच्चारलेला. गोव्यात पाव भाजणारा पोदेरही पोर्तुगीज 'पादेरो'वरूनच आला. भावंडांची कसोटीही इथे जुळते : बटाटा, काजू, अननस, चावी, पगार ही सगळी त्याच बोटीतून उतरलेली मंडळी.

चेसचेही तसेच. इंग्रजी अक्षरे जुळवायला मुळात सोल्जर्सचा 'एस' दोनदा मोजावा लागतो. फ्रेंचांकडे, अरबांकडे, इराणात मागे गेले की मूळ शब्द सापडतो 'शाह', म्हणजे राजा. आपण बुद्धिबळात 'शह' देतो तो हाच. तोच फ्रेंचमधून फिरून इंग्रजीत चेस आणि चेक झाला. बँकेचा चेकही त्याच्याच पोटातला. ही थाप पचते याचे कारण तिच्यात एक खरा दाणा आहे. या खेळाचे जुने नाव चतुरंग, म्हणजे सैन्याची चार अंगे : हत्ती, घोडे, रथ, पायदळ. माहिती खरी, चिकटवली भलत्या शब्दाला.

न्यूज एका ओळीत संपते : 'न्यू'चे अनेकवचन, नव्या गोष्टी; फ्रेंचमध्येही बातम्यांना तशाच बनावटीचा शब्द आहे, आणि त्यात दिशांची आद्याक्षरे बसत नाहीत.

पायरी ४ : गोष्ट सांगितली तर कागद मागा

काही उगम अक्षरांऐवजी किस्सा घेऊन येतात. किस्सा जितका गोळीबंद, तितका संशय धरावा.

इंग्रजीत उच्चभ्रू या अर्थी 'पॉश' शब्द आहे. त्याचा किस्सा थेट मुंबईच्या धक्क्याला लागतो. म्हणे, विलायतेहून हिंदुस्थानात येताना बोटीची डावी बाजू सावलीत असे आणि परत जाताना उजवी. म्हणून श्रीमंत प्रवासी 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' अशा खोल्या घेत आणि पी अँड ओ कंपनी त्यांच्या तिकिटावर चार अक्षरांचा शिक्का मारी. भूगोल चोख आहे. पण असा शिक्का मारलेले एकही तिकीट सापडलेले नाही. त्या काळातले इतके पास, पत्रे, सामानाची लेबले लोकांनी जपून ठेवली, त्यात हेच नेमके हरवावे? शिवाय छानछोकी माणसासाठी 'पॉश' हा शब्द १८९० च्या सुमाराच्या बोलीच्या कोशात आधीच आहे.

संकटातल्या बोटीने मदत मागण्याच्या एसओएस या संकेताच्या बाबतीत मात्र कागदपत्रे भरपूर आहेत आणि ती सगळी 'सेव्ह अवर सोल्स'च्या विरुद्ध बोलतात. १९०५ साली जर्मनीने आपल्या बिनतारी नियमांत हा संकेत घेतला, १९०६ च्या बर्लिन परिषदेत तो आंतरराष्ट्रीय झाला आणि १९०८ पासून लागू झाला. निवड झाली ती कानाच्या सोयीसाठी : मोर्सच्या टिंब-रेघांच्या लिपीत तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे, मध्ये न थांबता. थांबायचेच नसल्याने ती मुळात अक्षरेही नाहीत. तीच माळ वेगळी तोडली तर व्ही-टी-बी वाचता येते. आत्मे मागाहून आले.

'मुंबई म्हणजे पोर्तुगीजांचे बॉम बाइआ, चांगला उपसागर' हे वाक्य अनेकांनी पर्यटकांना सांगून झाले आहे. इथे कागदाआधी व्याकरणच आडवे येते. 'बाइआ' पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी आहे, म्हणजे ते 'बोआ बाइआ' व्हायला हवे. आणि देवी तर आजही मुंबादेवीच आहे.

आता आपल्या जिव्हाळ्याची एक गोष्ट. तंजावरच्या मराठा दरबारात संभाजी महाराजांचा पाहुणचार झाला, आमसूल नव्हते म्हणून चिंच घातली आणि त्या आमटीला महाराजांच्या नावावरून सांबार म्हणू लागले. ऐकायला कोणाला आवडणार नाही? पण विचारायचे तेच : त्या काळचा कोणता कागद हे सांगतो? तोवर भावंडे बघा. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, सांबारवडी तिचीच. केरळात मसाला घातलेल्या ताकाला संभारम म्हणतात. संस्कृतात 'संभार' म्हणजे जमवलेले साहित्य. वऱ्हाडातल्या कोथिंबिरीच्या जुडीशी आणि मल्याळी ताकाशी शाही मेजवानीचा संबंध कोणी जोडत नाही. जोडला तर तो बादरायण संबंध ठरेल.

पायरी ५ : कोश उघडा, शक्यतो दोन

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. मोल्सवर्थमध्ये बऱ्याच शब्दांपुढे कंसात रोमन लिपीतले एखादे अक्षर असते. 'एस' म्हणजे संस्कृत, 'पी' म्हणजे फारसी, 'ए' म्हणजे अरबी. तेवढ्यावरच अर्धी शंका फिटते. व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्ति कोश पाहा. दोन कोशांत दोन मते दिसली तर घाबरू नका, ती प्रामाणिकपणाची खूण आहे. फॉरवर्डमध्ये मतभेद कधीच नसतात.

पायरी ६ : खरे निघाले तर मुकाट्याने मान्य करा

इतके तपासले की सगळेच खोटे वाटू लागते. ते टाळा. 'ओके' ऐकायला थापच वाटते, पण २३ मार्च १८३९ च्या बॉस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये 'ऑल करेक्ट' मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहून त्याची दोन अक्षरे विनोद म्हणून छापली होती. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रे चाळून ते शोधले. 'पाकिस्तान' खरोखर अक्षरे जुळवून केलेले नाव आहे. चौधरी रहमत अली यांनी १९३३ च्या पत्रकात पंजाब, अफगाणिया म्हणजे सरहद्द प्रांत, काश्मीर, सिंध आणि बलुचिस्तानचा शेवट यांतून ते घडवले. हापूसच्या मागे खरेच पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्क आहे.

आणि पहिल्या पायरीला अपवाद आपल्याच पंचांगात सापडतो. गुजराती-हिंदी तिथींमधले सुदि आणि वदि म्हणजे शुक्ल किंवा शुद्ध 'दिन' आणि बहुल (म्हणजे वद्य) 'दिन' यांची आद्याक्षरे. शिलालेख कोरणाऱ्यांनी दगड आणि श्रम वाचवायला ती जोडली आणि शतकानुशतके लोक ती शब्द म्हणून बोलत आले. कागद, म्हणजे इथे दगड, हजर आहे, म्हणून मान्य.

कधी संक्षेप खरा असतो आणि फोड खोटी असते. कोविडमध्ये 'सी' म्हणजे चायना, असे फिरत होते. जागतिक आरोग्य संघटनेने ११ फेब्रुवारी २०२० रोजी नाव जाहीर करतानाच फोड दिली होती : कोरोना, व्हायरस, डिसीज.

पायरी ७ : उत्तर लिहा, पण दोनच ओळी

घरच्या गटावर काकांना 'हे फेक आहे' असे लिहिले की चर्चा शब्दावरून उठून तुमच्या संस्कारांवर जाते. निकाल न सांगता एक दाखला द्यावा आणि एक प्रश्न टाकावा. असे चालते : 'काका, छान आहे. पण भगवानमधला न म्हणजे नीर, तर धनवानमध्येही नीर आहे का हो?' बाकीचे काम गटातला शाळकरी पुतण्या करतो.